आधी वूफर, मग वॉट

निवडणुकीच्या दिवसांत गावोगाव फिरणारी प्रचाराची रिक्षा सगळ्यांच्या ओळखीची आहे. टपावर दोन कर्णे, मागच्या सीटवर ॲम्प्लिफायर, पायाशी गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणि हातात माइक. एवढ्या सामानावर उमेदवाराचं नाव वेशीपासून शेवटच्या आळीपर्यंत जातं. दार लावून बसलेल्यालाही ते चुकवता येत नाही. आता त्याच गावातल्या एखाद्या घरातून, खोक्यावर '२००० वॉट पीएमपीओ' असं छापलेली म्युझिक सिस्टीम अंगणात आणा आणि पूर्ण आवाजात लावा. पन्नास पावलांवर चाल ओळखू येईल, शब्द लागणार नाहीत.

रिक्षातला ॲम्प्लिफायर बहुतेक वेळा तीस-चाळीस वॉटचाच असतो. फरक पडतो तो कर्ण्यामुळे. स्पीकरला दिलेली वीज सगळीच्या सगळी आवाजात बदलत नाही. घरातला चांगला म्हणवणारा स्पीकर विजेच्या शंभर भागांतला अर्धा भागही आवाज म्हणून बाहेर काढत नाही. बाकीच्या विजेने त्याची कॉइल तापते. कर्णा दहा भाग किंवा त्याहून जास्त काढतो. कर्ण्यातून गाणं ऐकवत नाही हे खरंच. खालचे सूर त्याला येत नाहीत आणि तबला नुसता टकटकतो. पण उघड्यावर, बॅटरीच्या जिवावर आवाज करायचा तर पैसे कुठे घालायचे हे त्या रिक्षावाल्याला नेमकं कळलेलं असतं. आपण मात्र दुकानात जाऊन आधी वॉट विचारतो. ही पुस्तिका तो प्रश्न मागे ढकलण्यासाठी लिहिली आहे.

पीएमपीओबद्दल एकदाच बोलून तो विषय संपवतो. या चार अक्षरांना कुठल्याही मानकात जागा नाही. कारखानदाराला जो आकडा शोभेल तो तो छापतो. पुढच्या पानांत जिथे वॉट येईल तिथे ॲम्प्लिफायर सलग देऊ शकतो तो खरा वॉट समजावा, आणि तो आकडा तुम्हाला निराशाजनक वाटेल इतका लहान असेल याची आधीच तयारी ठेवावी.

बांधायचं काय आहे ते सांगतो. दोन वूफर, दोन ट्वीटर, तळहाताएवढा ॲम्प्लिफायरचा बोर्ड, बारा व्होल्टची बॅटरी, ब्लूटूथचा एक छोटा बोर्ड आणि हे सगळं पोटात घेणारी प्लायवूडची पेटी. दोघांनी दोन कड्या धरून सहज न्यावी अशी. शाळेच्या मैदानावर लेझमीचा सराव, शेतावर हुरड्याला जमलेली माणसं, गच्चीवरची कोजागरी, वीज गेलेल्या संध्याकाळी देवळातलं भजन. जिथे प्लग नाही, किंवा असून त्याचा भरवसा नाही, तिथे ही पेटी चालते.

विकत का घेऊ नये? घ्यावी की. हातात मावणारे ब्लूटूथ स्पीकर आज फार चांगले मिळतात आणि चार माणसांच्या गप्पांत पार्श्वभूमीला गाणं हवं असेल तर त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही. पण त्यांना एक नियम मोडता येत नाही. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकरच्या कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे जे. अँटन हॉफमन. खोलवर जाणारा बास, लहान आकार आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तीनपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, असं त्याने दाखवून दिलं. लहान ब्लूटूथ स्पीकर पहिल्या दोन गोष्टी घेतो आणि तिसरी सोडून देतो. आवाज वाढवत नेला की त्यातली चिप गुपचूप बास कापू लागते, म्हणून पूर्ण आवाजात तो एकदम पातळ वाजतो. आपण आकार सोडतो. पेटी मोठी करायची तयारी असली की बाकीच्या दोन गोष्टी मिळतात, आणि त्याही स्वस्तात.

वरातीत आणि वाढदिवसांना दिसणारे, चाकं लावलेले, रंगीत दिवे लुकलुकणारे ट्रॉली स्पीकर ही तिसरी जात. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. आकार मोठा असतो, पण पेटी पातळ प्लॅस्टिकची, वूफरचं चुंबक बिस्किटाएवढं आणि आत बसवलेली बॅटरी त्या दिव्यांनाच पुरते. शिवाय बॅटरी मेली की बहुतेक लोक अख्खा डबाच टाकून देतात. घरी बांधलेल्या पेटीत बॅटरी चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढून दुसरी घालता येते, आणि वूफर नीट वापरला तर तो बॅटरीच्या चार पिढ्या बघतो.

गाणं उचलून बाहेर नेण्याची हौस जुनी आहे. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली, आणि काही वर्षांतच रेडिओ व कॅसेट एकाच डब्यात आले. आपल्याकडे त्याला टू-इन-वन म्हणत. आखातात नोकरीला गेलेला कुणी सुट्टीवर आला की त्याच्या सामानात तो असायचाच, आणि मग सहा किंवा आठ मोठ्या सेलांचा खर्च घरातल्या कर्त्या माणसाच्या डोळ्यांवर यायचा. ते सेल इतक्या लवकर का संपायचे याचं कारण ॲम्प्लिफायरच्या जातीत होतं. त्या काळातली मंडलं आत येणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा स्वतःच तापवून घालवत. कागदावर गणित केलं तरी क्लास-बी जातीच्या ॲम्प्लिफायरची कमाल कार्यक्षमता ७८.५ टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि हळू आवाजात ती त्याच्या जवळपासही नसते.

क्लास-डी ही निराळी जात. यातले ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतात किंवा पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा; मधल्या अवस्थेत ते रेंगाळत नाहीत, म्हणून तापत नाहीत. कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरने १९६४ साली एक्स-१० नावाचा क्लास-डी ॲम्प्लिफायर जुळणीच्या संचात विकायला काढला होता. दावा दहा वॉटचा होता, हाती फार कमी यायचे. त्या वेळच्या ट्रान्झिस्टरांना तो वेग झेपतच नव्हता. कल्पनेला साजेशी चिप यायला तीन दशकं लागली. ट्रायपाथ नावाच्या अमेरिकन कंपनीची टीए२०२० ही त्यातली गाजलेली. बारा-तेरा व्होल्टवर दोन्ही बाजूंना स्वच्छ आवाज, आणि हीटसिंक काडेपेटीएवढा. २००७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. दोनच वर्षांनी 'आयईईई स्पेक्ट्रम' या मासिकाने जगाला हलवणाऱ्या पंचवीस चिपांच्या यादीत टीए२०२० घातली, तेव्हा ती बनवणारे कारखानदार त्या धंद्यात उरलेले नव्हते. आज बाजारात जो बोर्ड सहज मिळतो तो बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ या चिपचा असतो. या पुस्तिकेतही तोच घेतला आहे.

क्लास-डी चिप आणि बॅटरीची पेटी यांचं लग्न खऱ्या अर्थाने लागलं ते डेन्मार्कमध्ये. रोस्किल्डे गावाजवळ १९७१ पासून दर उन्हाळ्यात संगीत महोत्सव भरतो. मुख्य कार्यक्रमांच्या काही दिवस आधीपासून तरुण मंडळी तिथे तंबू ठोकून राहतात. तंबूत वीज नसते आणि गाण्याशिवाय राहायची तयारी कुणाचीच नसते. मग घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या पेट्या चाकांवर ढकलत आणायची तिथे रीतच पडली: दहा इंची पीए वूफर, ट्रायपाथची चिप, शिसे-आम्लाची बॅटरी, कुणाच्या पेटीवर सौर पॅनेल. त्या हौसेतून पुढे साउंडबॉक्स नावाची डॅनिश कंपनीही निघाली. (दुकानात 'पन्नास रुपये प्राप्त झाले' म्हणणाऱ्या डबीशी तिचा काही संबंध नाही.) आपली पेटी या रोस्किल्डेच्या पेट्यांच्या गोतातली आहे. फरक आपल्या पावसाळ्याचा आणि उन्हाचा. त्याबद्दल पुढे येईलच.

आता मूळ मुद्दा. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता नावाचा एक आकडा असतो. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, एवढंच तो सांगतो. घरात वापरायच्या लहान स्पीकरचा आकडा ८५ ते ८८ असतो. गाडीच्या दारात बसणाऱ्या साडेसहा इंचीचा ८८ ते ९०. ऑर्केस्ट्रावाले आणि मंडपवाले वापरतात त्या जातीचा, म्हणजे पीएचा, दहा इंची वूफर ९५ ते ९८ पर्यंत जातो. नवशिक्याला ८७ आणि ९७ या आकड्यांत फार अंतर दिसत नाही. पण डेसिबलच्या हिशेबात दहाचा फरक म्हणजे विजेत दहापट फरक. ९७ चा वूफर एका वॉटमध्ये जे करतो ते करायला ८७ च्या स्पीकरला दहा वॉट लागतात. वीज दुप्पट केली तर जेमतेम तीन डेसिबल वाढतात, आणि ते कानाला 'थोडं वाढलं' एवढंच कळतं. दहा डेसिबल वाढले की कान म्हणतो, आवाज दुप्पट झाला.

म्हणजे पंधरा वॉटचा बोर्ड काढून तीस वॉटचा घातला तर फारसं काही होत नाही. तेच पैसे वूफरमध्ये घातले तर पेटीच बदलते. हे मी अनेकांना सांगितलं आहे आणि अनेकांनी मान डोलावून तीस वॉटचा बोर्ड आणला आहे.

संवेदनशीलतेच्या आकड्यातही एक चलाखी चालते, ती ओळखायला शिका. काही कारखाने 'एक वॉट' असं न लिहिता '२.८३ व्होल्ट' लिहितात. आठ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॉट. पण चार ओमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट दिले की तो दोन वॉट घेतो आणि आकडा फुकटात तीनने फुगतो. गाडीचे स्पीकर बहुतेक चार ओमचे असतात. त्यांच्या डब्यावर ९१ दिसला की मनातल्या मनात ८८ वाचावं.

बॅटरीचं गणित इथूनच निघतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ब्रिज जोडणीचा बोर्ड चार ओमच्या स्पीकरला कागदोपत्री १८ वॉट देतो, प्रत्यक्षात पंधराच्या आसपास. आठ ओमला त्याच्या निम्मे. व्होल्ट वाढवल्याशिवाय यात वाढ होत नाही, बोर्डावर कितीही छापलेलं असो. टीपीए३११६ चिपच्या नावापुढचे ५० वॉट हे २१ व्होल्टवरचे आहेत. पण हे वॉट म्हणजे गाण्यातली शिखरं. ढोलकीची थाप पडते त्या क्षणापुरते पंधरा वॉट लागतात, पुढच्या क्षणी एकही लागत नाही. गाण्याची सरासरी शिखराच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, शास्त्रीय गायनात त्याहूनही खाली. दोन्ही बाजू मिळून शिखर तीस वॉट धरलं तरी सरासरी तीन. बोर्डाचं स्वतःचं खाणं आणि ब्लूटूथ धरून पाच वॉट म्हणू. यूपीएसमध्ये असते ती बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची बॅटरी ८४ वॉट-तासांची. तिला दीर्घायुष्य हवं तर अर्धीच वापरावी, म्हणजे ४२. भागाकार केला की आठ तास येतात. दहा वॉटचं सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसभरात जेवढं देतं, साधारण तेवढीच ही वीज आहे.

हाच आवाज ८७ च्या स्पीकरमधून काढायचा हट्ट धरला तर सरासरी तीस वॉट लागतात, शिखरं तीनशेची होतात, बारा व्होल्टवर ते जमतच नाही आणि जमवलंच तर तीच बॅटरी तासाभरात मान टाकते. वूफर आधी का घ्यायचा याचं उत्तर एवढंच आहे.

पेटीच्या प्रकरणाला मी सर्वांत जास्त पानं दिली आहेत. नुसता वूफर हवेत धरून वाजवला तर बास येत नाही; पडद्याच्या पुढून निघालेली लाट मागून निघालेल्या लाटेला खाऊन टाकते. बंद पेटी मागची लाट कोंडून ठेवते. भोक असलेली पेटी तिला कामाला लावते: रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली एकाच सुरात घुमते, तसा पेटीतला हवेचा गोळा आणि नळीतली हवा मिळून एक सूर धरतात आणि वूफर जिथे थकतो तिथे त्याला हात देतात. पेटी किती लिटरची आणि नळी किती लांब हे पूर्वी चाचपडत ठरवत. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी त्याचं गणित मांडलं, पुढे सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्ण केलं, आणि आता कुठल्याही बऱ्या वूफरबरोबर त्यांच्या नावाचे आकडे येतात. हे आकडे न देणारा वूफर घेऊ नका. दुकानदार म्हणेल, "साहेब, बास बघा नुसता." बास बघता येत नाही, मोजता येतो.

नळीसाठी नळजोडणीचा पीव्हीसी पाइप उत्तम. लाकडात मात्र काटकसर नको. एमडीएफ कापायला सोपं आणि आवाजाला चांगलं असलं तरी कोकणातल्या एका पावसाळ्यात त्याच्या कडा पावासारख्या फुगतात. आयएस ७१० चा शिक्का असलेला बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या, आत एक आडवी पट्टी ठोका, कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्या. वरून रेक्झीन चढवायचं की वॉर्निश मारायचं हा तुमच्या घरच्यांचा प्रश्न.

भोकाच्या पेटीचा एक धोका माहीत असावा. नळीच्या सुराच्या खाली वूफरला हवेचा आधार उरत नाही आणि पडदा सैरावैरा हलतो. आजकालच्या गाण्यांत तीस-चाळीस हर्ट्झचे धक्के सर्रास असतात. आपला दहा इंची वूफर तिथे आवाज काढणार नाही, फक्त मोडेल. म्हणून बोर्डाच्या आधी खालचे सूर अडवणारं एक साधं फिल्टर घातलं आहे. त्याचं सामान चहाच्या किमतीत येतं, आणि ते गाळायचा मोह सगळ्यांना होतो.

उघड्यावर गेल्यावर घरातलं सगळं शिक्षण थोडं विसरावं लागतं. खोलीत भिंती बासला परत फेकतात. मैदानात गेलेला आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गेले. त्यामुळे पेटी टेबलावर मांडण्यापेक्षा जमिनीवर, भिंतीला किंवा बांधाला पाठ लावून ठेवली की बास जाणवण्याइतका वाढतो, एक पैसा न खर्चता. दुसरी गोष्ट स्टिरिओची. दोन फुटी पेटीत डावा-उजवा भाग कितीही नेमका केला तरी दहा पावलांवर तो कुणालाच कळत नाही. मग लोक एक वूफर पुढे आणि एक मागे तोंड करून बसवतात, म्हणजे पेटीभोवती गोल करून बसलेल्या सगळ्यांना सारखं ऐकू यावं. ते मला पटतं, पण त्या वेळी दोन्ही बाजू आधी एकत्र करून घ्या. नाही तर जुन्या ध्वनिमुद्रणांत गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात, आणि निम्म्या मंडळींना नुसतंच व्हायोलिन ऐकावं लागतं.

बॅटरीत तीन पर्याय आहेत. शिसे-आम्लाची बॅटरी १८५९ मध्ये गास्तों प्लांते यांनी केली. तेव्हापासून ती जड आहे आणि तेव्हापासून ती भरवशाची आहे. दोन-सव्वादोन किलो वजन चालत असेल आणि पेटी फारशी हलणार नसेल तर तीच घ्या. यूपीएसमधून काढलेली जुनी घेणार असाल तर नुसत्या मीटरवर भुलू नका. बिनभाराची ती १२.६ दाखवते, गाडीच्या हेडलाइटचा बल्ब जोडून पाहा, धापा टाकत दहावर आली तर परत द्या. दुसरा पर्याय लॅपटॉपमध्ये असतात ते १८६५० चे लिथियम-आयन सेल. हलके, दमदार, आणि चुकीला क्षमा न करणारे. जुन्या लॅपटॉपमधले सेल सोडवून, वायर डागून जोडण्याची फार हौस दिसते. ती नवशिक्याने करू नये असं माझं ठाम मत आहे, म्हणून त्याची आकृती इथे दिलेली नाही.

तिसरा पर्याय मला सर्वांत पसंत आहे: लिथियम आयर्न फॉस्फेट. एका सेलचे ३.२ व्होल्ट, चार सेल ओळीने जोडले की १२.८, म्हणजे बारा व्होल्टच्या जागी जशीच्या तशी बसणारी. या रसायनावरचा मूळ शोधनिबंध १९९७ सालचा, टेक्सासमधल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला. त्यावर गुडइनफ यांच्या आधी असलेली नावं पाधी आणि नंजुंडस्वामी ही आहेत. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीबद्दल २०१९ मध्ये नोबेल मिळालं. फॉस्फेटमधला ऑक्सिजन सहज सुटत नाही, त्यामुळे हे सेल बिघडले तरी सहसा पेट घेत नाहीत. वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी आणि आयुष्य कितीतरी पट. किंमत जास्त आहे, पण दोन-तीन बॅटऱ्या बदलण्याचा खर्च धरला तर ती जास्त राहत नाही. मात्र तिला तिचाच चार्जर लागतो, १४.६ व्होल्टला थांबणारा, आणि आत सेलांवर लक्ष ठेवणारा बीएमएस असलाच पाहिजे. भर उन्हात बंद गाडीत कुठलीच बॅटरी ठेवू नये.

पेटी बांधून झाली, गाणं लागलं, आणि गाण्यामागे बारीक 'कुंईं' असा आवाज येतो आहे, अशी तक्रार हमखास येते. ब्लूटूथचा बोर्ड आणि ॲम्प्लिफायर एकाच बॅटरीवर असले की ब्लूटूथच्या विजेचे झटके आणि गाण्याचा नाजूक सिग्नल एकाच तारेने परत जातात, आणि ॲम्प्लिफायर दोन्ही वाढवतो. फेराइटचे मणी ओवून तो जात नाही. ब्लूटूथला वेगळा, आयसोलेटेड जातीचा पाच व्होल्टचा कन्व्हर्टर द्या. आवाज बंद होतो. दुसरी नेहमीची गफलत तारांची. ब्रिज जोडणीत स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र केल्या की बोर्ड गेला. तिसरी गोष्ट चूक नाही, मर्यादा आहे. हा बोर्ड ४०० किलोहर्ट्झने चालू-बंद होतो. त्याची दुप्पट ८००, आणि आकाशवाणी पुण्याची मीडियम वेव्ह ७९२. त्यामुळे या पेटीत मीडियम वेव्हचा रेडिओ घालायच्या भानगडीत पडू नका. एफएम चालतो.

आता थोडं कडू. ९७ च्या वूफरला एक वॉट दिला तर ३२ मीटरवर साधारण ६७ डेसिबल पोचतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. म्हणजे एका वॉटमध्ये तुम्ही कायदा मोडू शकता. पंधरा वॉट कमी पडतील का, असं विचारणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो. गडांवर आणि जंगलात ही पेटी नेऊ नये. कोकणकड्यावर संध्याकाळी बसलेल्या माणसाला तुमच्या आवडीचं गाणं नको असतं, आणि खालच्या रानातल्या जनावरांना तर त्याहून नको असतं. पेटी दणकट आहे, कुठेही नेता येते, म्हणून कुठेही न्यावी असं नाही.

सामान लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास एका फेरीत मिळतं. लहान शहरांत रेडिओ दुरुस्तीचं एखादं दुकान अजून तग धरून असेल तर आधी तिथे जा, कारण त्या माणसाच्या सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. सोल्डरिंग पूर्वी केलेलं नसेल तर जुन्या निकामी बोर्डावर हात बसवून घ्या. प्रकरणं क्रमाने वाचायची सक्ती नाही. सुतारकाम येणाऱ्याने पेटीपासून सुरुवात केली तरी चालेल आणि गणिताचा कंटाळा असणाऱ्याने तक्त्यातली मापं जशीच्या तशी उचलली तरी पेटी वाजेल. एका बाबतीत मात्र सवलत नाही. सात अँपिअर-तासांची साधी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर शंभराहून जास्त अँपिअर सोडते आणि तार क्षणात लाल होते. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतराच्या आत पाच अँपिअरचा फ्यूज बसवा, आणि तो बसेपर्यंत दुसरी एकही तार बॅटरीला जोडू नका.